पट्टी जरा खाली घ्या

गेल्या पावसाळ्यात माझी आजी गेली. दफनविधीच्या वेळी पाळकसाहेबांनी विचारलं, "बाईंच्या आवडीचं पद कोणतं?" सगळ्यांना माहीत होतं. रेव्हरंड टिळकांचं एक पद ती रोज संध्याकाळी भाकऱ्या थापताना गुणगुणायची. मोठ्या मावशीने सुरुवात केली. रडून रडून तिचा आवाज चढला होता, तिच्याबरोबर पट्टीही चढली. दुसऱ्या ओळीला काका मंडळी गळाली. आम्ही सात-आठ नातवंडं कबरीच्या दुसऱ्या बाजूला उभे होतो. दोघांनी मोबाइलवर 'उपासना संगीत'ची पीडीएफ उघडली, एकाला क्रमांक सापडेना, बाकीच्यांनी नुसते ओठ हलवले. पद संपलं तेव्हा तीनच बायका गात होत्या आणि तिघींचीही साठी उलटलेली होती.

घरी परतताना माझा एकोणीस वर्षांचा मावसभाऊ गाडीवर मागे बसला होता. तो कॉलेजच्या बँडमध्ये ड्रम वाजवतो. सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाला, "दादा, मला ते येतं. आजीकडूनच ऐकलंय. पण इतक्या वरून कसं गायचं? आणि मध्येच कुठून शिरायचं?"

मी सात वर्षं पुण्यातल्या एका मराठी मंडळीत कीबोर्ड वाजवतो. 'तरुण पोरं उपासनेत गात नाहीत' हे वाक्य मी त्या सात वर्षांत किती वेळा ऐकलं असेल याची मोजदाद नाही. कमिटीच्या बैठकीत, महिला मंडळाच्या चहाच्या वेळी, नाताळच्या कॅरलची तयारी करताना. कारणंही ठरलेली असतात: मोबाइल, इंग्रजी शाळा, विश्वास कमी झाला, जग बदललं. मावसभावाने दिलेलं कारण मात्र कुणाच्याच यादीत नव्हतं. त्याला विश्वासाचा प्रश्न पडलेला नव्हता. त्याचा प्रश्न पट्टीचा होता. हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. त्यासाठी आपण गातो ती गाणी, जुनी आणि नवी, जरा जवळून तपासून पाहायला हवीत.

मागच्या बाकावरचं रेकॉर्डिंग

आधी स्वतःच्या बाजूची कबुली. पोरं गात नाहीत म्हटल्यावर आम्ही बँडवाल्यांनी जो उपाय सर्वत्र करतात तोच केला. ड्रमकिट आलं, मॉनिटर आले, पडद्यावर शब्द आले, दोन गिटार आल्या. उपासना 'जिवंत' झाली असं लोक म्हणाले, आम्हालाही तसंच वाटलं.

एका रविवारी मी माझा फोन रेकॉर्डिंग सुरू करून शेवटच्या बाकावर ठेवून दिला. बँड कसा ऐकू येतो एवढंच पाहायचं होतं. रात्री हेडफोन लावून ऐकलं. ड्रम ऐकू आले, माझा कीबोर्ड ऐकू आला, मुख्य गाणारा मुलगा ऐकू आला. मंडळी ऐकू आली नाही. दीडशे माणसं होती. मध्ये एक बाळ रडलं ते स्पष्ट ऐकू आलं, एका बाईचा खोकला ऐकू आला, पण गाणं नाही. आम्ही तरुणांना गाण्यात आणण्यासाठी एवढं सगळं केलं आणि होते तेही श्रोते होऊन बसले.

मंडळीने स्वतः गावं ही काही आजची मागणी नाही. ल्यूथरच्या चळवळीचं पहिलं गीतपुस्तक १५२४ साली निघालं तेव्हा त्यात फक्त आठ गाणी होती, पण त्यामागचा विचार असा की सामान्य माणसाने आपल्या भाषेत स्वतःच्या तोंडाने स्तुती करावी. कॅथलिक पंथात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३च्या डिसेंबरमध्ये उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला, त्यातही लोकांच्या सक्रिय सहभागावर भर आहे आणि लोकभाषांना वाट करून दिली आहे. म्हणजे गाणं हा उपासनेत प्रवचनाआधीचा करमणुकीचा भाग नव्हे. गाणं हीच मंडळीची उपासना. मग ती गप्प बसली तर नेमकं काय बिघडलं हे शोधावं लागेल.

टिळकांना काय ठाऊक होतं

'उपासना संगीत' हे पुस्तक मराठी प्रोटेस्टंट घरात बायबलशेजारी असतं. आमच्या पिढीला ते म्हाताऱ्यांचं पुस्तक वाटतं. मलाही वाटायचं. आजी गेल्यावर मी ते पहिल्यांदा नीट वाचलं, म्हणजे कीबोर्डवर एकेक चाल काढत वाचलं. त्यातली चांगली पदं तरुणांनी गाण्यासाठी आजच्या कित्येक गाण्यांपेक्षा सोपी आहेत, हे तेव्हा कळलं.

नारायण वामन टिळक १८६१ साली कोकणात जन्मले. १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढची बरीच वर्षं अहमदनगर आणि आसपासच्या भागात काढली. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते मानत आणि मराठी ख्रिस्ती उपासना मराठी भजन-कीर्तनाच्या वळणाने व्हावी असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्याही आधी कृष्णाराव सांगळे यांच्यासारख्या कवींनी ख्रिस्ती कीर्तनं आणि पदं रचून ही वाट पाडली होती. टिळकांनी तिचा हमरस्ता केला.

यात भावनेइतकंच तंत्र आहे. अभंगाची रचना पाहा. मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा आणि चार अक्षरं, छोट्यात आठ-आठ. चरण लहान, श्वास घ्यायला जागा ठरलेली. साकीच्या ओळीत अठ्ठावीस मात्रा, सोळावर थांबायची सोय. दिंडीत एकोणीस, नऊ आणि दहा अशा तुटणाऱ्या. ही सगळी चालत, दळत, टाळ वाजवत गायची वृत्तं आहेत. कमावलेला गळा नसलेल्या माणसांनीच ती पिढ्यान्पिढ्या घडवली. त्यांचा सुरांचा पल्लाही लहान असतो. सामान्य माणसाला आरामात गाता येतं ते साधारण सव्वा सप्तक, त्यात ही पदं मावतात.

दुसरी गोष्ट ध्रुपदाची. कीर्तनात बुवा एक ओळ म्हणतात, मागचे ती उचलतात. पुस्तक लागत नाही, पडदा लागत नाही, वाचताही यावं लागत नाही. त्या काळी खेड्यातल्या मंडळीत अक्षरओळख नसलेली माणसं कितीतरी होती, म्हणून ही रचना गरजेची होती. आज गंमत अशी की इंग्रजी माध्यमात शिकलेल्या, देवनागरी अडखळत वाचणाऱ्या पुण्यातल्या मुलांना तिची तेवढीच गरज आहे. मावसभावाचा दुसरा प्रश्न होता 'कुठून शिरायचं'. ध्रुपद त्याचंच उत्तर आहे. अंतरा येत नसेल तर गप्प राहा, ध्रुपदाला दार पुन्हा उघडतंच.

पुण्याला हे नवं सांगायला नको. १९२२ साली रेव्हरंड जे. सी. विन्स्लो यांनी ख्रिस्त सेवा संघ काढला, आणि तो पुढे पुण्यात शिवाजीनगरला आला. याच विन्स्लोंनी टिळकांचं इंग्रजी चरित्र लिहिलं. इंग्लंडहून आलेल्या माणसांना इथल्या पद्धतीने बसावं, गावं असं वाटत होतं, आणि त्याच शहरात शंभर वर्षांनी आम्ही परदेशी ट्रॅक लावून त्यावर ओठ हलवतोय.

जिथे जुनं पुस्तक हरतं

पण इथे थांबलो तर हा लेख 'आमच्या वेळी' म्हणणाऱ्या काकांचा होईल. 'उपासना संगीत'वर माझे तीन आक्षेप आहेत.

पहिला चालींचा. जुन्या पदसंग्रहांची रीत अशी की पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून त्या काळच्या एखाद्या लोकप्रिय गाण्याची पहिली ओळ द्यायची. किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आलं तेव्हापासून नाटकातल्या चाली घराघरांत पोचल्या होत्या, त्यामुळे तेवढी खूण पुरायची. आज ते मूळ गाणंच कुणाला येत नाही. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर लिंक आहे, पण ती उघडली की पान सापडत नाही. चाल जिला माहीत होती ती आजी गेली की ते पद छापलेलं असूनही मुकं होतं. आमच्या पुस्तकातली कितीतरी पदं अशी मुकी झाली आहेत आणि त्याचा दोष पोरांच्या माथी मारता येणार नाही.

दुसरा आक्षेप भाषांतरित गीतांवर. इंग्रजी गीताची चाल आघातावर चालते, मराठी ओळ मात्रेवर. चालीच्या जोरकस, लांब सुरावर मराठीतला ऱ्हस्व स्वर आला की तो ओढून दीर्घ करावा लागतो, आणि दीर्घ अक्षर घाईच्या सुरात कोंबावं लागतं. गाताना शब्दाचा चेहराच बदलतो. लहानपणी मी अशा एका गीतातले दोन शब्द वर्षानुवर्षं एकच शब्द समजून म्हणत होतो. काही भाषांतरं सुरेख उतरली आहेत, पण पुष्कळ गीतं केवळ सवयीने टिकली आहेत. सवय नसलेल्या मुलाला ती बोचतात, आणि त्याचं बोचणं बरोबर आहे.

तिसरा आक्षेप अवघड आहे. टिळकांची भाषा कधी तुकोबांसारखी साधी, तर कधी तत्सम शब्दांनी जड. त्यांच्याच काळात केडगावला पंडिता रमाबाई संपूर्ण बायबल हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत आणत होत्या, साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणून. १९२२ साली त्या वारल्या आणि त्यांचं भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झालं. संस्कृत त्यांना टिळकांइतकंच येत होतं, तरी त्यांनी ते बाजूला ठेवलं. भाषेविषयीचे हे दोन निर्णय शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

याला जोडून जातीचा प्रश्न येतो आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. अहमदनगर भागातल्या मंडळ्या बहुतांश महार आणि मांग समाजातून उभ्या राहिल्या. माझं घर त्यातलंच. ज्या परंपरेत चोखोबांना देवळाबाहेर राहावं लागलं, ती परंपरा 'आपली' म्हणून परत गळ्यात घ्या असा आग्रह एका ब्राह्मण कवीने धरला, तर माझ्या पणजोबांना काय वाटलं असेल? त्यांना ऑर्गनवरचं इंग्रजी गीतच जास्त मोकळं वाटलं असेल, कारण त्या सुरावर गावातल्या कुणाचा मालकीहक्क नव्हता. म्हणून 'भारतीय ते आपलं, पाश्चात्य ते परकं' अशी सरळ वाटणी मला पटत नाही. माझ्या एका मैत्रिणीला गिटारवरच देव भेटतो, आणि तिला पेटीकडे ढकलण्याचा हक्क मला नाही. मात्र अभंगाची वाट चोखोबांनी आणि सोयराबाईंनीही बांधली आहे, म्हणून ती सोडून देण्याची घाईही मी करणार नाही.

नवी गाणी कोणासाठी?

आता आमच्या पिढीची गाणी. हिलसाँगसारख्या परदेशी मंडळ्यांनी जगभर पोचवलेली इंग्रजी गाणी, त्यांच्या धाटणीची हिंदी गाणी, आणि या दोन्हींची मराठी रूपांतरं. यांना सरसकट उथळ म्हणायची पद्धत आहे, ती मला मान्य नाही. या गाण्यांनी दोन गोष्टी परत आणल्या. एक, 'मी' आणि 'तू' असं देवाशी थेट बोलणं. दुसरी, तेच ते पुन्हा म्हणणं. पुनरावृत्तीवर नाक मुरडणाऱ्या काकांनी एकदा भजनाला जाऊन बसावं. एकच नाम अर्धा तास चालतं आणि कुणी तक्रार करत नाही.

दोष आहे तो बांधणीत. ही गाणी बहुधा एका कसलेल्या गळ्यासाठी आणि मोठ्या मंचासाठी रचलेली असतात. पहिलं कडवं अगदी खालच्या सुरात, जवळजवळ पुटपुटत. मग तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला गायक अख्खं सप्तक चढतो आणि तिथेच राहतो. रेकॉर्डिंगमध्ये अंगावर काटा येतो. रविवारी सकाळी साडेआठला, चहासुद्धा न घेता आलेल्या माणसाला पहिलं कडवं ऐकू येण्याइतकं खाली असतं आणि शेवटचं त्याच्या गळ्याबाहेर. ताल असा की शब्द ठोक्याच्या किंचित आधी किंवा नंतर पडतो. ते अंगात मुरायला गाणं पन्नासदा ऐकलेलं असावं लागतं. ज्यांनी ऐकलंय ते गातात, इतरांनी टाळ्या वाजवायच्या.

आम्ही यात आणखी भर घातली. मूळ गायकाची पट्टी हीच गाण्याची खरी पट्टी अशी आमची समजूत होती. यूट्यूबवर जशी आहे तशीच वाजवायची, नाहीतर 'फील' जातो. कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण असतं. ते तीनदा दाबायला दोन सेकंदही लागत नाहीत. सात वर्षांत ते मी स्वतःच्या सोयीसाठी शेकडो वेळा दाबलं असेल, मंडळीच्या सोयीसाठी एकदाही नाही.

मावशीचं कबरीपाशी दुःखाने पट्टी चढवणं आणि आमचं हौसेने चढवणं, दोन्हीचा परिणाम एकच झाला. तिथे काका गळाले, इथे सगळे.

नदीपात्रातला धडा

पुण्यात तरुण पोरं सामूहिक कलेत उतरत नाहीत असं म्हणणाऱ्याने गणपतीच्या आधी नदीपात्रात चक्कर मारावी. ढोल-ताशा पथकांचा सराव चालू असतो. ऑफिसमधून थेट आलेली, लॅपटॉपची बॅग कोपऱ्यात टाकून कमरेला ढोल बांधणारी शेकडो मुलंमुली. माझ्या टीममधल्या दोघी त्यात आहेत. एकीने आयुष्यात कधी वाद्याला हात लावला नव्हता.

तिला विचारलं, तुला कोणी आणि कसं आणलं? उत्तर साधं होतं. मैत्रीण घेऊन गेली. पहिल्याच दिवशी हातात काहीतरी दिलं. सुरुवातीचा ठेका इतका सोपा की तासाभरात जमला. चुकली तर शेजारचा बघून हसला आणि परत दाखवलं. ताशा पुढे असतो, त्याच्याकडे कान ठेवला की ढोल सांभाळला जातो. आणि सराव रोज, ठरल्या वेळी.

यातलं आपण उपासनेत काय करतो? सराव फक्त गायन मंडळाचा असतो, मंडळीचा कधीच नाही. नवं गाणं थेट रविवारी येतं आणि पुढच्या रविवारी दुसरं. चुकण्याला जागा नाही, कारण माइक मोजक्या चांगल्या गळ्यांपुढेच असतो. आणि आमंत्रण म्हणून व्यासपीठावरून घोषणा होते, 'तरुणांनी पुढे यावं.' घोषणेने कुणी पुढे येत नाही. शेजारचा मित्र हात धरून नेतो तेव्हा माणूस जातो.

या वर्षी आम्ही तरुण संघाच्या सात-आठ जणांनी काही साध्या गोष्टी करून पाहिल्या. वर्षभरासाठी फक्त दहा गाणी निवडली: पाच जुनी पदं, पाच नवी. प्रत्येक गाण्याची पट्टी मागच्या बाकावरच्या माणसाला विचारून ठरवली. बहुतेक सगळी गाणी दोन-तीन सुरांनी खाली आली. तीन जुन्या पदांच्या चाली मावश्यांकडे जाऊन फोनवर रेकॉर्ड केल्या. एका मावशींनी एकच पद दोन चालींत गाऊन दाखवलं आणि कोणती खरी यावर शेजारणीशी भांडल्या. ते भांडणही रेकॉर्ड झालं आहे. उपासनेआधी दहा मिनिटं सगळ्यांनी मिळून एक गाणं शिकायचं, बँडशिवाय. प्रत्येक गाण्यात एक तरी कडवं वाद्यं थांबवून नुसत्या आवाजात. आणि एखादी ओळ पुढच्याने म्हणायची, मागच्यांनी उचलायची, पडदा बंद ठेवून.

चमत्कार झाला नाही. ड्रमवाला नाराज आहे. एक कुटुंब इंग्रजी उपासनेला जायचं ते अजूनही तिथेच जातं. ज्येष्ठांपैकी एकांना पट्टी खाली घेणं म्हणजे स्तुतीचा उत्साह खाली घेणं वाटतं. पण दोन महिन्यांपूर्वी मी पुन्हा फोन मागच्या बाकावर ठेवला होता. या वेळी वाद्यं थांबल्यावर गाणं थांबलं नाही. बेसूर होतं, मागे-पुढे होतं, पण होतं. त्यात दोन-तीन कोवळे, फुटत असलेले मुलांचे आवाज मला ओळखता आले.

पुढचं पद कोण लिहिणार

आयझॅक वॉट्सबद्दल एक गोष्ट सांगतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस हा इंग्लंडमधला विशीतला मुलगा, चर्चमधली गाणी किती रटाळ आहेत अशी तक्रार घेऊन वडिलांकडे गेला. वडील म्हणाले, मग तू चांगली लिही. त्याने लिहिली, आणि १७०७ साली त्याचा गीतसंग्रह निघाला. इंग्रजी ख्रिस्ती गायनाचं वळण त्याने बदललं.

तरुणांना उत्तेजन द्यायचं ते असं. आम्हाला माइक दिला जातो, गिटार दिली जाते, पण शब्द दिले जात नाहीत. भाषांतर करा म्हणतात, लिहा म्हणत नाहीत. टिळकांनी आपल्या काळात लोकांच्या ओठांवर जे घाट होते तेच उचलले. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या, घरभाड्याची आणि नोकरीची धास्ती घेतलेल्या, देवाशी निम्मं मराठीत आणि निम्मं इंग्रजीत बोलणाऱ्या माणसाचं पद अजून लिहिलं गेलेलं नाही. ते वाईट लिहिलं जाईल, मग बरं लिहिलं जाईल. फक्त सव्वा सप्तकात बसवा, आणि ध्रुपद असं ठेवा की उशिरा आलेल्यालाही शिरता यावं.

पुनरुत्थानाच्या दिवशी पहाटे आम्ही सगळे आजीच्या कबरीवर गेलो होतो. मेणबत्त्या वाऱ्याने टिकेनात. मावशी सुरुवात करणार तेवढ्यात मावसभाऊ म्हणाला, "मी धरू का?" त्याने जरा जास्तच खाली धरलं. पहिल्या ओळीचा शेवटचा सूर कुणालाच लागेना, सगळे खाली वाकून सूर शोधतायत असं वाटलं आणि धाकटी बहीण हसली. मावशी म्हणाली, "अर्धा सूर वर घे रे." त्याने घेतला आणि पद पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. या वेळी काकाही शेवटपर्यंत होते.